'सौम्य' कोणासाठी?

दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतजनांच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या लावण्यास आम्ही दफनभूमीत जातो, तेव्हा आमची पावले दोन क्रुसांपाशी थांबतात. एकावर मे २०२१ ही नोंद आहे, दुसऱ्यावर फेब्रुवारी २०२२. पहिल्या क्रुसापाशी आमचे डोळे भरून येतात. दुसऱ्यापाशी मान खाली जाते.

पहिला क्रूस आमच्या भावोजींचा. वय अवघे बेचाळीस. त्यांच्या वयोगटासाठी लस नुकतीच खुली झाली होती. ती मिळण्यापूर्वीच दुसऱ्या लाटेने त्यांना गाठले. दफनविधीला मोजकीच माणसे होती. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी या विषाणूच्या बदलत्या रूपांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, कोणत्याही देशाच्या माथी कलंक बसू नये म्हणून. त्या लाटेतील रूपाला 'डेल्टा' हे नाव मिळाले, तेव्हा भावोजींना माती देऊन तीनच आठवडे लोटले होते.

विषाणू काळाच्या ओघात निवळत जातो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. डेल्टाने ती खोटी ठरवली. त्याच्या आधीच्या 'अल्फा' रूपाशी तुलना करता डेल्टाच्या रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे इंग्लंडमध्ये आढळले.

मग २६ नोव्हेंबर २०२१ रोजी 'ओमायक्रॉन' चिंताजनक रूपांच्या यादीत आला. तो झपाट्याने पसरतो, परंतु सौम्य आहे, असे वृत्त आले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासातही ओमायक्रॉनच्या रुग्णांना मृत्यूचा धोका डेल्टापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसला. वृत्त खोटे नव्हते. चुकले ते आम्ही त्यातून काढलेले अनुमान.

आमच्या मावशीने तोवर लस घेतली नव्हती. वय एकोणऐंशी, सुईची धास्ती जुनी. नाताळाच्या तयारीत करंज्या भरता भरता तिने विचारले, "काय रे, घ्यायलाच हवी का ती लस?" आम्ही मोठ्या ज्ञानी थाटात म्हणालो, "आताचा आजार सौम्य आहे, मावशी. सण होऊ दे, मग पाहू."

ते 'मग' कधी आलेच नाही. दुसरा क्रूस तिचा आहे.

पुढे आम्ही कागदावर साधा हिशेब मांडला. समजा, हजार रुग्णांमागे डेल्टाने दहा बळी घेतले आणि ओमायक्रॉनने तीन. परंतु ज्या अवधीत डेल्टा हजारांना गाठतो, त्याच अवधीत ओमायक्रॉनने पाच हजारांना गाठले, तर दहाऐवजी पंधरा घरांत शोक होतो. अमेरिकेत असेच घडले. तेथे २०२२ च्या फेब्रुवारीत ओमायक्रॉनच्या लाटेतील दैनंदिन मृत्यू डेल्टाच्या लाटेतील उच्चांकापेक्षा अधिक झाले.

हिशेबाची दुसरी बाजू हाँगकाँगने दाखवली. तेथे २०२१ अखेरपर्यंत या साथीने केवळ २१३ माणसे दगावली होती. ओमायक्रॉन शिरला आणि काही महिन्यांत ९ हजारांहून अधिक गेली. त्यांतील बहुसंख्य वृद्ध होते आणि अनेकांनी लस घेतलेली नव्हती. तोच ओमायक्रॉन न्यूझीलंडमध्येही पसरला; पण तेथील वृद्धांचे लसीकरण आधीच झालेले असल्याने मृत्यूचे प्रमाण फार कमी राहिले. विषाणू किती घातक, याचे अर्धे उत्तर विषाणूत असते. उरलेले अर्धे त्याच्या वाटेत कोण उभे आहे, यात.

'सौम्य' हा शब्द हजारांच्या सरासरीचा असतो. मावशी सरासरी नव्हती, ती एकटी होती. नव्याण्णव मेंढरे सुखरूप असताना हरवलेल्या एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वेळ आली तेव्हा मात्र नव्याण्णवांच्याच हिशेबात रमलो.

प्रिय वाचकहो, ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा झाली. पण विषाणू गेलेला नाही, तो रूपे पालटत राहील. पुढचे रूप सौम्य असल्याचे कानी येईल, तेव्हा आपल्या घरातील सर्वांत थकलेल्या चेहऱ्याकडे एकवार पाहावे आणि विचारावे, "सौम्य, पण कोणासाठी?" आम्ही ते विचारले नाही. म्हणून दुसऱ्या क्रुसापाशी आमची मेणबत्ती थोडी अधिक वेळ हातातच राहते.