दुपारी रुसणारा कपडा

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं मॅगझिनच्या टीमने सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्याच कुणाशी बोलत असतील. माझी शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दंड. त्यामुळे माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आणि रिक्षावाल्यांशी भांडण्यापुरतं. तेव्हा मंडळी, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण जे सांगायचंय ते सगळं मराठीतच घडलं. इंग्लिशमध्ये लिहिलं तर त्याचं जर्नल होईल आणि सबमिशनच्या गठ्ठ्यात जाईल!

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत तीन आठवडे ट्रेनिंगला होते. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडावर जो गारेगार ओला तुकडा घासते ना, तो अल्कोहोल स्वॅब तिथे बनतो. मैत्रिणी रोबोट बनवणाऱ्या कंपन्यांत आणि मी इथे, म्हणून सुरुवातीला जरा तोंड वाकडंच होतं. ते मशीन पाहिल्यावर सरळ झालं.

कपड्याचा मोठा रोल उलगडत येतो. हा कपडा विणलेला नसतो. व्हिस्कोज आणि पॉलिस्टरचे तंतू पाण्याच्या जोरदार धारांनी एकमेकांत गुंतवून तो तयार करतात. त्याच्या पट्ट्या होतात, घड्या पडतात, तुकडे कापले जातात आणि खालून सरकणाऱ्या फॉइलवर एकेक तुकडा बसतो. मग नोझलमधून मोजून आयसोप्रोपिल अल्कोहोल पडतं, वरून दुसरी फॉइल येते आणि गरम डाय चारही कडा दाबून सील करते. अल्कोहोल ७० टक्के, बाकी पाणी. मला वाटायचं, १०० टक्के असेल तर जंतू अजून लवकर मरतील. तसं नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम पूर्ण व्हायच्या आत उडून जातं.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका हॉस्पिटलकडून माल परत आला. पाकीट दिसायला एकदम व्यवस्थित, पण फाडलं तर आतला तुकडा कागदासारखा कोरडा. कोरडा स्वॅब घासला काय आणि न घासला काय, सारखंच. नर्सच्या लक्षात आलं तर ती दुसरं पाकीट फोडेल. पण गडबडीत नाही आलं तर?

सगळ्यांचा संशय सीलवर. टेम्परेचर वाढवलं, फॉइलला सुरकुत्या पडल्या. प्रेशर वाढवलं, काही फरक नाही. शेवटी भिंगाखाली एका पाकिटाच्या कडेला केसासारखं काहीतरी दिसलं. तुकडा जागेवरून किंचित सरकत होता आणि त्याचे तंतू सीलमध्ये अडकत होते. समईची वात जसं तेल ओढते, तसे ते तंतू आतलं अल्कोहोल हळूहळू बाहेर ओढत होते. निळ्या पाण्यातल्या व्हॅक्युम टेस्टमध्येही अशी बरीच पाकिटं पास व्हायची. म्हणून आम्ही दर तासाला काही पाकिटं काढून वजन करायचो, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वजन करायचो. ज्याचं वजन उतरलं ते खराब.

म्हणजे काय होतंय ते कळलं. का होतंय ते कळत नव्हतं.

इथे माझी एन्ट्री! सरांनी सांगितलं, "सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर घाल आणि मला चार्ट दे." मी एक्सेलमध्ये सुंदर चार्ट केला. पहिली पाळी साडेसहा ते अडीच, तिचा निळा खांब, बुटका. दुसरी पाळी अडीच ते अकरा, तिचा लाल खांब, ताडमाड. चिठ्ठ्या खरं तर तासातासाच्या होत्या, पण सोळा-सतरा खांब फारच गिचमिड दिसत होते. दोन खांब कसे स्वच्छ दिसतात!

दुसऱ्या पाळीला मशीनवर एक काका होते. नववीपर्यंत शिकलेले, त्या मशीनवर अकरा वर्षं. दुसऱ्याच दिवशी काकांना मशीनवरून काढून जनरल शिफ्टला खोके भरायला बसवलं. त्यांच्या जागी पहिल्या पाळीचा दादा आला, आणि काकांचा ओव्हरटाइमही गेला. मला तेव्हा काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला छान वाटलं होतं. माझ्या चार्टवर निर्णय झाला होता ना!

चार दिवसांनी पाहिलं, तर दादाच्या हातूनही दुसऱ्या पाळीत तेवढाच माल खराब.

त्या रात्री मी घरी बसून तेच आकडे तासाप्रमाणे मांडले. दुपारी दोनपर्यंत जवळजवळ काही नाही. दोनपासून चढ, चारला टोक, सात वाजता परत खाली. पाळी बदलली, माणूस बदलला, तरी डोंगर जागचा हलत नव्हता. पोटात गोळा आला. गिचमिड म्हणून मी जे टाकून दिलं होतं, उत्तर नेमकं त्यातच होतं.

सकाळी आधी काकांकडे गेले. ते खोके भरत होते. मी विचारलं, "काका, दुपारी मशीनला काय होतं?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मॅडम. दुपारी कपडा रुसतो."

हो, सांगितलं होतं. मी ते गमतीचं वाक्य म्हणून मैत्रिणीला पाठवलंही होतं. "रुसतो म्हणजे?"

"बसत नाही जागेवर. कडेला पळतो. रोलरजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहतात, कधी कधी चावतंसुद्धा. शाळेत कंगव्याने कागदाचे कपटे उचलले नव्हते का तुम्ही?"

उचलले होते! फक्त इंग्लिशमधून. स्टॅटिक इलेक्ट्रिसिटी. काकांनी सांगितलेल्या 'रुसतो'चं भाषांतर करायला मला दहा दिवस लागले. डिसेंबरातली पुण्याकडची दुपार म्हणजे हवा कोरडी ठक्क, आणि अल्कोहोलच्या वाफेसाठी एक्झॉस्ट कायम चालू, त्यामुळे आतली हवाही बाहेरच्यासारखीच. कोरड्या हवेत पॉलिस्टरवरचा चार्ज उतरतच नाही. मग आठवलं की काका दुपारी मशीनभोवतीची फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, आणि मी माझ्या वहीत त्याची नोंद 'वाया जाणारा वेळ' अशी केली होती.

"पण पूर्वी असं नव्हतं," काका म्हणाले. "तिथे एक तांब्याची माळ असायची. दसऱ्यापासून दिसत नाही."

माळ सापडली! खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. झेंडूच्या माळा, झिरमिळ्या, सगळं. नंतर सजावट उतरवताना ती तांब्याच्या झुलीसारखी तारही सोबत उतरली आणि पॅकिंगच्या मावशींनी ती गणपतीच्या सामानाच्या खोक्यात नीट गुंडाळून ठेवली. त्यांची तरी काय चूक, दिसते तशीच. ती कपड्याजवळ टांगून अर्थिंगला जोडली की चार्ज तिच्यातून उतरून जातो. ऑक्टोबरात हवेत दमटपणा होता, म्हणून ती नसल्याचं जाणवलं नाही. थंडी पडली आणि कपडा रुसला.

आता सरांकडे जाणं भाग होतं. दोन्ही चार्ट पुढे ठेवले आणि म्हटलं, "सर, पहिला माझा चार्ट चुकीचा होता. काकांची चूक नव्हती." त्यांनी बराच वेळ डोंगराकडे पाहिलं. मग माळेचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात नुसतं लीकेज होतं, त्यांच्या डोक्यात ठिणगी. या अल्कोहोलची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाच पेट घेण्याइतकी होते. एका ठिणगीवर पूर्ण लाइन गेली असती. मशीन त्याच मिनिटाला बंद झालं. माळ लागली, प्रत्येक रोलरचं अर्थिंग तपासलं, तेव्हाच चालू झालं. मला म्हणाले, "चार्टबद्दल जे बोललीस ते लेखी दे." दिलं. सही करताना हात थरथरत होता.

माळ लागल्यावर चारचं टोक दुसऱ्याच दिवशी बसलं. काका सोमवारी मशीनवर परत आले. मी त्यांना सांगितलं की तो चार्ट मी केला होता.

"माहितीये," ते म्हणाले. "सरांनी दाखवला होता मला. रंग छान होते."

यावर काय बोलायचं ते मला ना मराठीत सुचलं ना इंग्लिशमध्ये. ओव्हरटाइमचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

शेवटच्या दिवशी मी माळेशेजारी लावायला एक पाटी केली. स्केच पेनने, मोठ्या अक्षरांत: 'ही सजावट नाही. काढु नये.' काकांनी ती हातात घेतली, वाचली, खिशातलं बॉलपेन काढलं आणि 'ढु'चा उकार दीर्घ केला. मग स्टुलावर चढून पाटी स्वतःच लावली.