आयपी वाटायचं काम आता स्विचकडे

रत्नागिरीत ऑफिसं, लॉज, शाळा यांची नेटवर्कं जोडून देणं हा माझा धंदा. त्यात बरीच वर्षं माझा एक हट्ट होता: प्रत्येक मशीनला आयपी ॲड्रेस मीच हाताने देणार, स्टॅटिक. डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटणारी सोय, चालू ठेवणं मला आळशीपणा वाटे. नेट अडलं तर कुठला कॉम्प्युटर कुठल्या पत्त्यावर आहे हे ठाऊक हवं. यंत्राने मनाला येईल तो आकडा वाटला तर शोधायचं कसं, असा माझा सवाल असे.

आज मी उलट बाजूला आहे. नवा स्विच बसवला की आधी डीएचसीपीचा पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, करतो.

पहिला धक्का मोबाइलने दिला. मे महिन्यात गणपतीपुळ्याचा लॉज भरतो तेव्हा चार जणांच्या खोलीत निदान चार फोन असतात. त्यांना हाताने पत्ते कोण देणार? फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याची हार्डवेअरची ओळख, नोंदवून ठेवावा, तर ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला सहसा मूळचा मॅक सांगतच नाहीत, प्रत्येकाला वेगळा बनावट सांगतात. म्हणजे माझी नोंद कागदावरच राहणार.

मग स्विचचं काम नीट बघितलं. मशीन 'कुणी पत्ता देतं का' म्हणून हाक मारतं, स्विच एक पत्ता पुढे करतो, मशीन तो मागून घेतं, स्विच मंजुरी देतो. चार निरोपांत काम होतं. पत्ता मिळतो तोही मुदतीवर, आणि निम्मी मुदत सरली की मशीन आपणहून नूतनीकरण मागतं. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं डीएचसीपीचं मानक मार्च १९९७ चं आहे. मीच उशिरा वळलो.

एका साध्या जाळ्यात २५४ पत्ते मिळतात. सिस्कोच्या स्विचवर ही मुदत, म्हणजे लीज, मुळात एक दिवसाची असते. सकाळी निघून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकू नये म्हणून लॉजवर मी ती काही तासांची करतो. गेटवे, प्रिंटर, कॅमेरे यांचे आकडे पूलमधून आधीच वगळतो. ते आजही हातानेच. पाहुण्यांचा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र जाळं, वेगळा, त्याचा पूल वेगळा. आणि 'शोधायचं कसं' याचं उत्तर बाइंडिंग टेबलमध्ये असतं: कुठला पत्ता कुठल्या मॅककडे, कधीपर्यंत.

माझ्या जुन्या शंका अगदीच पोकळ नव्हत्या. कुणीतरी बाजारातून वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला जोडतो, तोही पत्ते वाटू लागतो आणि निम्मं ऑफिस भलत्याच गेटवेकडे जातं. त्यावर इलाज डीएचसीपी स्नूपिंगचा: मुख्य स्विचकडे जाणारा पोर्ट तेवढा ट्रस्टेड, बाकी कुठल्याही पोर्टवरून आलेली ऑफर स्विच टाकून देतो. दुसरी शंका पावसाळ्यातली. वीज गेली, स्विच बंद पडून पुन्हा चालू झाला, की बाहेर जतन केलेलं नसेल तर बाइंडिंग टेबल पुसलं जातं, आणि एकच पत्ता दोघांना जाऊ शकतो. पत्ता देण्याआधी सिस्कोचा स्विच पिंग करून बघतो खरा, पण झोपलेला फोन उत्तर देईलच असं नाही. म्हणून टेबल सर्व्हरवर जतन करायचं आणि स्विचला यूपीएस द्यायचा. नुसता डीएचसीपी चालू करून घरी गेलं की झालं, असं मी आजही म्हणत नाही.

माझ्या धंद्यातले काही जण अजून स्टॅटिकवर ठाम आहेत. लहान ऑफिस असेल तर मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो: उद्या इंटरनेटवाला बदलला, नवा गेटवे आणि नवा डीएनएस आला, तर पूलमध्ये दोन ओळी बदलणार, की प्रत्येक टेबलाशी जाऊन कॉम्प्युटर उघडणार?