दोन पायऱ्यांमधले अंतर

सलाईन संपत आले की रुग्णाचे नातेवाईक हाक मारतात, ‘सिस्टर!’ त्या हाकेत पदविका आणि पदवी असा भेद नसतो. हात हलका असावा, इंजेक्शन दुखू नये आणि रात्री दोन वाजता बोलावले तरी बाईने यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मात्र बढतीची यादी लागते किंवा नर्सिंग कॉलेजातल्या जागेची जाहिरात येते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला जातो : बाई, तुमचे शिक्षण किती?

आपल्याकडे असंख्य मुली बारावीनंतर ‘जीएनएम’ला जातात. जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी हे त्याचे पूर्ण नाव. ही पदविका सध्या ३ वर्षांची आहे. ती करणाऱ्या मुली हुशारीत कमी असतात, असे मुळीच नाही. घरात पाठची भावंडे असतात, वडिलांची मिळकत बेताची असते आणि मुलगी लवकर मिळवती झाली तर बरे, असा साधा हिशेब असतो. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची फी आणि वसतिगृहाचा खर्च ऐकूनच पुष्कळ आईबाप मागे फिरतात.

पण पदविका म्हणजे रस्त्याचा शेवट नव्हे, हे किती घरांना ठाऊक असते? भारतात नर्सिंगची पदवी सुरू झाली ती १९४६ साली, दिल्ली आणि वेल्लोर येथे. पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ दिल्लीत १९५९ साली झाला. पदविकाधारक परिचारिकेला या वाटेवर येता यावे म्हणून ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ हा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावी आणि जीएनएम झालेली, राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका त्यासाठी अर्ज करू शकते. त्यानंतर २ वर्षांची एम.एस्सी.

आता कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करून पाहा. पदविका ३, पदवी २, पदव्युत्तर २, एकूण वर्षे ७. थेट पदवीला गेलेल्या मुलीची ४ आणि २ मिळून ६. म्हणजे अभ्यासाच्या वर्षांत फरक पडतो तो अवघ्या एका वर्षाचा. मग पदविकेवरून निघालेल्या बायका एम.एस्सी.पर्यंत पोहोचताना चाळिशीला का टेकतात? आणि कितीतरी जणी अर्ध्या वाटेवरच का थांबतात?

एका जिल्ह्याच्या गावातल्या सिस्टरची गोष्ट पाहण्यासारखी आहे. चार भावंडांत ती थोरली. वडील एसटीत ड्रायव्हर. अठराव्या वर्षी तिने जीएनएमला प्रवेश घेतला, बाविसाव्या वर्षी ती इस्पितळात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाली. भावाच्या शिक्षणाला, बहिणीच्या लग्नाला तिचा पगार कामी आला. पुढे तिचेही लग्न झाले. नवरा सहकारी बँकेत कारकून, घरी सासूबाई, पाठोपाठ दोन मुले. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा ड्यूट्यांच्या चक्रात दहा-बारा वर्षे कशी सरली, ते तिचे तिलाच कळले नाही.

तिच्या वॉर्डात एकदा पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी कामाला आली होती. लहान बाळाची शीर कशी शोधायची, घाबरलेल्या रुग्णाशी कसे बोलायचे, हे सारे सिस्टरने तिला हाताला धरून शिकवले. पुढे ती मुलगी एम.एस्सी. झाली आणि काही वर्षांनी नर्सिंग कॉलेजातली शिक्षिका म्हणून विद्यार्थिनींचा गट घेऊन त्याच वॉर्डात आली. स्वभावाने गोड. म्हणाली, ‘‘ताई, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. मुलींना एकदा तुम्हीच करून दाखवा ना.’’ सिस्टरने करून दाखवले. विद्यार्थिनींच्या वहीवर सही मात्र शिक्षिकेने केली. नियमाप्रमाणे ती तिनेच करायची होती.

त्यात कोणाचाच दोष नव्हता आणि म्हणूनच ते अधिक लागले. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘अहो, मी पुढे शिकू का?’’

तो लगेच नाही म्हणाला नाही. ‘‘बघू,’’ म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, या वयात पुस्तकं घेऊन बसणार? पोरांचा अभ्यास कोण घेणार मग?’’ त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजी होती. घराचे तीन खांब असतील तर त्यातला एक काढल्यावर छप्पर कसे राहील, हा प्रश्न चुकीचा कसा म्हणावा?

‘बघू’ म्हणण्यात एक वर्ष गेले. रजेचा अर्ज दोनदा परत आला, त्यात आणखी दोन. शेवटी रजा मंजूर झाली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. हातात येणारी रक्कम घटली, दोन पाटल्या बँकेत गहाण पडल्या. वर्गातल्या बहुतेक मुली तिच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या.

सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी! पहिले काही महिने पुस्तक उघडले की डोळे मिटायचे. मग एके दिवशी गंमत झाली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे ती बारा वर्षे करत आली होती. हाडाच्या टोकाशी कातडीवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, पेशी मरू लागतात आणि जखम होते, हे सगळे शिक्षिका फळ्यावर समजावून सांगत होत्या. ऐकता ऐकता तिला वॉर्डातले कितीतरी चेहरे आठवले. हाताला जे ठाऊक होते, त्याचे कारण आता डोक्याला कळत होते. लहान मुलींना जे पाठ करावे लागे, ते तिला आठवावे लागे, एवढाच फरक. त्या दिवसापासून तिची भीती गेली.

घरही हळूहळू बदलले. नवरा कुकर लावायला शिकला. पहिले काही दिवस भाताचा लगदा झाला, तो सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. मुलगी आईची प्रश्नोत्तरे घेऊ लागली. ‘पोरांचा अभ्यास कोण घेणार’ म्हणणाऱ्या सासूबाई परीक्षेच्या दिवसांत पहाटे चार वाजता उठून चहा ठेवू लागल्या.

या वाटेवर एक खाचखळगा असा आहे, की त्याविषयी वेळीच कोणी सांगत नाही. एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर पदवीला सर्वसाधारणपणे किमान ५५ टक्के गुण लागतात. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळणारी बाई ‘पास झाले, देव पावला’ असे म्हणते आणि नंतर तिला कळते, की दोन टक्क्यांसाठी पुढचे दार बंद झाले. या सिस्टरला ५८ टक्के मिळाले. तिच्या शेजारी बसणारी, कामात तिच्याइतकीच तरबेज असलेली मैत्रीण ५३ वर थांबली. म्हणून पदवीला प्रवेश घेतानाच पदव्युत्तरचा विचार मनात असावा. तसेच ज्या कॉलेजात नाव घालायचे, त्याला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे की नाही, याची चौकशी आधी राज्य परिषदेकडे करावी, जाहिरातीवर विसंबू नये. या क्षेत्रासाठी २०२३ साली संसदेने नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. त्यामुळे नियम बदलले आहेत का, हेही अर्ज भरण्याआधी पाहावे. ज्यांना घर सोडून जाणे शक्य नसते, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक पदवीची दूरशिक्षणाची वाट काढली. ती किमान ३ वर्षांची आणि अनुभवी परिचारिकांसाठी आहे.

एम.एस्सी.साठी तिला आणखी दोन वर्षे थांबावे लागले. कर्ज फिटायचे होते, मुलाची दहावी होती. अखेर प्रवेश मिळाला, पण तिथे संख्याशास्त्र पुढे उभे! आकडेमोडीचा आणि शुश्रूषेचा काय संबंध, असे तिला वाटे. पण फ्लोरेन्स नाइटिंगेलने क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडूनच अस्वच्छता किती जीव घेते, ते सरकारला पटवले होते. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईचे चित्र सर्वांना माहीत असते, तिच्या टेबलावरचे आकड्यांचे तक्ते थोड्यांनाच. आपल्या प्रबंधासाठी सिस्टरने विषय घेतला तो ओळखीचाच : घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना जखमा टाळण्याविषयी किती माहिती असते? घरोघरच्या सुना, लेकी, बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलल्या. ते बोलणे काढून घ्यायला वॉर्डातली वर्षेच उपयोगी पडली.

चाळिसाव्या वर्षी ती एम.एस्सी. झाली. अठरा ते चाळीस, म्हणजे बावीस वर्षे. त्यांपैकी वर्गात गेली सातच, उरलेली पंधरा थांबण्यात गेली.

ती पंधरा वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी किमान एका वर्षाचा कामाचा अनुभव मागितला जातो, म्हणजे रुग्णाच्या खाटेशी काढलेल्या दिवसांना नियमानेही मोल दिले आहे. त्या पगारावर भावंडे शिकली, घर उभे राहिले. पण खरे सांगायचे तर सगळीच पंधरा वर्षे अनुभवासाठी लागली नव्हती. त्यातली काही केवळ ‘बघू’मध्ये गेली. भावाची फी, नणंदेचे बाळंतपण, मुलाची दहावी या सगळ्यांना तारीख होती. तिच्या शिक्षणाला तेवढी तारीख नव्हती.

पदवी मिळाल्याने सारे काही बदलते, असेही नाही. पगार लगेच दुप्पट होत नाही, जागा निघण्याची वाट पाहावी लागते. उत्तम शुश्रूषा करण्यासाठी एम.एस्सी. व्हावेच लागते असेही नाही. जन्मभर पदविकेवर राहून शेकडो रुग्णांचा आशीर्वाद मिळवणाऱ्या सिस्टर गावोगावी आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जिला पुढे जायचे आहे तिचा. आपल्या हातचे ज्ञान दुसऱ्याच्या सहीने पुढे जाऊ नये, असे तिला वाटले तर त्यात काय चुकले?

नर्सिंगच काय, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन कारखान्यात लागलेला मुलगा असो, की डी.एड. करून शाळेत शिकवणारी शिक्षिका असो, दोन पायऱ्यांमधले अंतर किती असावे, हे विद्यापीठापेक्षा घरातच अधिक ठरते. म्हणून घरातल्या सुनेने, मुलीने, मुलाने ‘पुढे शिकू का?’ असे विचारले तर एकदा सगळ्यांनी बसून हिशेब मांडावा. पैसे कुठून येतील, मुलांना कोण पाहील, स्वयंपाक कोण करील, रजेचा अर्ज केव्हा द्यायचा? हिशेब जमला नाही तर ‘यंदा नाही, पुढच्या जूनमध्ये’ असे स्पष्ट सांगावे आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दुधाचे खाडे आणि गॅसच्या नोंदी जिथे करतो, तिथेच तिलाही जागा मिळायला हवी.