थ्री बीएचके, फॉल्टलाइन टच!

वाळवंटातलं स्वस्त घर की महागडी शांत झोप? ताईच्या घरखरेदीत लुडबुड करता करता कळलेला एक हिशोब.

आपल्याकडे घराच्या जाहिराती कशा असतात? 'स्टेशनपासून पाच मिनिटं', 'हायवे टच', 'गार्डन फेसिंग'. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या ताईनं मला जे घर दाखवलं, त्याची जाहिरात कुणी प्रामाणिकपणे लिहिली असती तर ती अशी झाली असती: थ्री बीएचके, मागेपुढे अंगण, समोर डोंगर आणि फॉल्टलाइन टच!

फॉल्टलाइन म्हणजे सॅन अँड्रियास. जिच्या नावावर हॉलिवूडनं अख्खा सिनेमा काढला, तीच ती. आणि ताई शांतपणे किचनचे ड्रॉवर उघडून बघत होती.

जरा मागे जाते. ताई फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर जिजूंबरोबर कॅलिफोर्नियात गेली आणि नोकरी मिळाली ती कोचेला व्हॅलीत. हो, तेच कोचेला, जिथल्या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये २०२३ साली दिलजीत दोसांझ गायला. फेस्टिव्हल दोन वीकेंडचा, बाकी वर्षभर तिथे निव्वळ वाळवंट. लॉस एंजेलिसहून पूर्वेला गाडीनं दोनेक तास. पाम स्प्रिंग्ज, रँचो मिराज, पाम डेझर्ट अशी ऐटबाज गावं एका रांगेत बसलेली. गोल्फ कोर्स, गेटवाल्या कॉलन्या, दारात ताडमाड झाडं. आणि आय-टेन हायवेच्या पलीकडे, उत्तरेला, एकटंच डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज. पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.

ताईच्या घरमालकाला फ्लॅट विकायचा होता, डिसेंबरअखेर बाहेर पडायचं होतं. पदरात तीन वर्षांचं पोर. शेवटी दोघांनी ठरवलं, आता विकतच घेऊ. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी. सो, भाच्याला सांभाळायला सहा आठवडे माझी रवानगी झाली.

जिजूंची एक्सेल शीट तयारच होती. पाम डेझर्टमधलं घर ५ लाख ६० हजार डॉलर. तेवढंच मोठं घर डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये ३ लाख ७० हजार. वीस टक्के आपले, बाकी कर्ज, व्याज तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास. दोन हप्त्यांमधला फरक महिन्याला हजार डॉलर! "हजार डॉलर म्हणजे याचं पाळणाघर," जिजू भाच्याकडे बोट दाखवत म्हणाले. विषय संपला असं त्यांना वाटलं.

पण माझ्यातली पत्रकार गप्प बसते थोडीच! त्या रात्री मी गावाची कुंडली काढली. २००१ मध्ये नगरपालिकेनं चक्क दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कारण ऐका. स्वस्त घरांचा एक प्रकल्प अडवला म्हणून पालिकेवर खटला झाला आणि पालिका हरली. २००९ मध्ये इथल्या टोळ्यांवर शेकडो पोलिसांनी एकत्र धाड टाकली होती. २०१३ मध्ये पुन्हा तिजोरी रिकामी, आर्थिक आणीबाणी जाहीर. मी सगळं वाचून दाखवलं आणि विजयी मुद्रेनं ताईकडे पाहिलं.

"झालं तुझं?" ताई म्हणाली. "आता सगळ्यात नवी बातमी कुठल्या सालातली आहे ते सांग."

च्यायला! हे मात्र खरं होतं. मी जुन्या बातम्यांच्या जोरावर आजचं घर नापास करत होते.

मग ठरलं, एजंटबाईंनाच विचारू. साठीच्या हसऱ्या बाई. जिजूंनी सरळ विचारलं, "हा एरिया सेफ आहे का?" बाई तितक्याच गोड हसून म्हणाल्या, याचं उत्तर मी देणार नाही. मला वाटलं, दाल में कुछ काला है! पण नाही. अमेरिकेत १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे. 'एरिया चांगला', 'एरिया वाईट' असं सांगून पूर्वी वंश आणि धर्म बघून माणसांना ठरावीक वस्त्यांकडे वळवलं जायचं. त्यामुळे शहाणे एजंट या प्रश्नाला हातच लावत नाहीत. २०२१ च्या अखेरीस रिअलटर डॉट कॉमनं तर साइटवरचा गुन्ह्यांचा नकाशाच काढून टाकला. बाईंचा सल्ला एकच होता. पोलिसांकडचे आकडे बघा आणि वेगवेगळ्या वेळी स्वतः येऊन बघा. रात्री या, आणि वारा असेल तेव्हा तर याच.

वारा? मी मनात हसले.

पहिल्यांदा रात्री गेलो. दहा वाजलेले, रस्त्यावर दिवे जेमतेम. गल्लीतली तीन घरं रिकामी, एकाच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं. आम्ही गाडीत बसून टकामका बघतोय, तोच एक धिप्पाड, हातभर टॅटूवाला माणूस अंधारातून थेट आमच्याकडे चालत आला. माझ्या पोटात गोळा. जिजूंनी काच दोन बोटं खाली केली.

"तुमचा मागचा डावा लाइट गेलाय," तो म्हणाला, आणि निघून गेला.

परत येताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाली, "माणसाची भीती नाही वाटली गं. रिकाम्या घरांची वाटली. काही झालं आणि ओरडले, तर ऐकायला कोण आहे?"

हे कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं.

फॉल्टलाइनची गोष्ट आम्हाला कागदपत्रांतून कळली. कॅलिफोर्नियात १९७२ पासून कायदा आहे. घर फॉल्ट झोनमध्ये येत असेल तर विकणाऱ्यानं तसं लेखी सांगायचं. त्या फॉर्मवर 'होय'पुढे खूण होती. गंमत म्हणजे या गावाचं नाव ज्यावरून पडलं ते गरम पाणी सॅन अँड्रियासच्याच कृपेनं आहे. १९१३ मध्ये कॅबट येर्क्सा नावाचा माणूस इथे येऊन राहिला. पाण्यासाठी विहीर खणली तर गरम पाणी लागलं. थोड्या अंतरावर दुसरी खणली तर गार! मधून फॉल्ट गेलेला. त्याच गरम पाण्यावर आज इथले स्पा चालतात. ज्या भेगेनं गाव वसवलं, तिचीच गावाला धास्ती. या दक्षिण भागात सॅन अँड्रियासचा मोठा भूकंप होऊन सुमारे ३०० वर्षं झालीत, आणि तो पुन्हा कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरतच नाहीत. तो विमा वेगळा, त्याचे पैसे वेगळे.

आईला फोनवर हे सांगण्याचा गाढवपणा मी केला. "किल्लारी विसरलात का गं?" एवढंच म्हणून तिनं फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "स्टेशन किती लांब आहे?" बाबांचं नेहमीचं! मी हसून सोडून दिलं.

आणि मग वाऱ्याचा दिवस आला.

डोंगरांमधल्या खिंडीतून या व्हॅलीत असा वारा घुसतो की त्यावर पवनचक्क्यांची अख्खी रानं उभी आहेत. एका संध्याकाळी जिजू लॉस एंजेलिसला होते, म्हणून मी, ताई आणि भाचा असे तिघंच घर बघायला गेलो. वाळू गालांवर सुयांसारखी टोचत होती. घाईनं गाडीकडे धावताना भाचा पायरीवरून घसरला. हनुवटी फुटली. रक्ताची धार लागली.

मोठी हॉस्पिटलं सगळी हायवेच्या पलीकडे. ताईनं गाडी काढली आणि इंडियन कॅनियन ड्राइव्हवर आलो तर समोर बॅरिकेड. उडत्या वाळूमुळे रस्ता बंद. हे तिथे नेहमीचंच, पण आम्हाला नवीन. परत फिरून, लांबून, डेट पाम ड्राइव्हनं जावं लागलं. वीस मिनिटांची वाट पन्नास मिनिटांची झाली. मी मागे बसून माझी ओढणी त्याच्या हनुवटीवर दाबून धरलेली. तो रडून रडून गप्प झाला, तेव्हा मला जास्त भीती वाटली. ताई एक शब्द बोलली नाही. फक्त स्टिअरिंगवरचे तिचे हात पांढरे पडलेले दिसत होते.

पाच टाके पडले. पोरगं दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. पण आमची चर्चाच बदलली. चोर, टोळ्या, टॅटू सगळं मागे पडलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळात याच व्हॅलीत पूर आला होता, आय-टेनसुद्धा बंद पडला होता आणि काही गावांत ९११ ची फोनलाइनही बंद होती. वाळवंटात पूर! आणि ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्जमध्ये १२४ फॅरनहाइट, म्हणजे आपले ५१ डिग्री. अशा दिवशी एसी बिघडला तर त्या घरात पोराला घेऊन किती वेळ बसता येईल?

शेवटचा धडा समोरच्या घरातल्या आजींनी दिला. मूळच्या मेक्सिकोच्या, वीसेक वर्षं त्याच गल्लीत. ताईनं सरळ त्यांचं दार वाजवलं. आजींनी थंडगार लिंबूपाणी दिलं आणि म्हणाल्या, चोर माझ्याकडे एकदा आला, एसी तीनदा बिघडला. मग त्यांनी आमच्या लाडक्या घराच्या छताकडे बोट दाखवलं. तिथला एसी त्यांच्या एसीइतकाच म्हातारा होता.

त्या रात्री ताईनं जिजूंची एक्सेल शीट उघडली आणि 'बचत: १०००' असं लिहिलेल्या ओळीवर फुली मारली.

"ही बचत नाहीये," ती म्हणाली. "हे पैसे घराचेच आहेत. पाम डेझर्टमध्ये ते आधी घेतात, इथे आपण आपल्या हातानं खर्च करायचे. भूकंपाचा विमा, नवा एसी, लाइट गेली तर बॅटरी, गाडीत पाणी आणि फर्स्ट एड. हे करून उरलं, तर पाळणाघर. आणि हे न करता आपण नवीन गाडी घेतली, तर आपण स्वस्त घर नाही घेतलं, स्वतःला फसवलं."

जिजू गप्प. मीही. इतके दिवस आम्ही 'सेफ आहे का?' एवढंच विचारत होतो. खरा प्रश्न होता, कोणासाठी, किती वाजता आणि कशापासून सेफ? जिजूंसाठी, दुपारी तीन वाजता, ते पहिलं घर सेफच होतं. साडेनऊला शिफ्ट संपवून एकटी गाडी चालवत येणाऱ्या ताईसाठी नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? पाम डेझर्टला गेले? नाही. घर डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्येच घेतलं, पण दुसरं. ३ लाख ९५ हजारांना, दोनच बेडरूमचं, फॉल्ट झोनच्या बाहेर. भूकंप आला तर तेही हलणारच, पण निदान जमिनीतली भेग थेट घराखालून जाण्याची भीती कमी. गल्लीत एकही घर रिकामं नाही. संध्याकाळी लोक दारात खुर्च्या टाकून बसतात. हप्ता पाम डेझर्टपेक्षा साडेआठशेच्या वर कमी, आणि त्यातले चारशे दर महिन्याला वेगळ्या खात्यात जातात. त्या खात्याला ताईनं नाव दिलंय, 'वारा'.

निर्णय बरोबर का चूक? माहीत नाही. जमीन हलेल तेव्हा कळेल, किंवा कधीच कळणार नाही. पण ताई डोळे उघडे ठेवून तिथे राहायला गेली, एवढं मी पाहिलंय.

मी परत आले डोंबिवलीला. आणि ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींच्या बाजूनं जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काही जण जिवानिशी गेले. माझीच लाइन. ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. "तू कुठे आहेस?" मी घरीच होते. अमेरिकेतल्या वाळवंटाची काळजी करणाऱ्या आमच्या घरात रोज सकाळी मी दारात लटकून जात होते, आणि त्याची शीट कुणीच काढली नव्हती.

संध्याकाळी बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, "दादरला परवडेना म्हणून इथे घर घेतलं. तेव्हा स्टेशन किती लांब ते विचारलं. गाडीत चढता येतं का, ते नाही विचारलं."

मी अजून डोंबिवलीतच राहते. स्वस्त आहे, आपलं आहे, सोडायचं नाहीये. पण आता सकाळच्या मीटिंगा अकरानंतर ठेवते. दार भरलेलं असेल तर गाडी सोडते. उशीर झाला तर कुर्ल्याला मैत्रिणीकडे राहते आणि तिला महिन्याला थोडे पैसे देते. ती नको म्हणते, मी देतेच.

माझ्या मोबाइलवर त्या पैशांचं एक वेगळं खातं आहे. नाव अर्थातच ढापलेलं. 'वारा'.