पोपटाचा पिंग

सोलापुरात वाढलेल्या पोराला तीन भाषांत 'ये' म्हणता येतं. मराठीत ये, तेलुगूत रा, कन्नडमध्ये बा. आमच्या साखर पेठेत शेजारच्या अक्कांच्या पोपटालाही हे तिन्ही येतं. अक्कांच्या घरात तेलुगू, बोळात मराठी आणि दूध घालायला येणारे मामा अक्कलकोटकडचे, म्हणून कन्नड.

हा पोपट मूळचा सोलापूरचा नाहीच. आपल्याकडे ज्वारीच्या कणसांवर गोंगाट करत उतरतो तो कंठवाला लहान पोपट. अक्कांचा आहे पहाडी पोपट. शेपटीसकट जवळपास दोन फूट, जाड लाल चोच, खांद्यावर लाल डाग. जंगलात हा जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मादी दोन ते चार अंडी घालते आणि पिल्लं साधारण सात आठवडे ढोलीतच असतात. पकडणारे नेमका याच दिवसांत ढोलीत हात घालतात, कारण लहान पिल्लू लवकर माणसाळतं आणि बोलतं. जुनी झाडं कमी होतायत, पिल्लं चोरली जातायत. आययूसीएनच्या यादीत हा पक्षी आता संकटाच्या उंबरठ्यावर आहे.

अर्थ न कळता घोकण्याला आपण पोपटपंची म्हणतो. पण पोपट बोलतो ते आपली करमणूक व्हावी म्हणून नाही. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला दाट झाडीत जोडीदार दिसत नाही, म्हणून तो सारखा आवाज देतो. मी इथं आहे, तू आहेस का? आम्ही ऑफिसात सर्व्हर जिवंत आहे का बघायला पिंग टाकतो, तसंच. व्हेनेझुएलातल्या छोट्या पोपटांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईबाप प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात आणि पिल्लू तीच थोडी बदलून स्वतःची म्हणून वापरतं. म्हणजे जवळजवळ नावच.

त्याहून भारी गोष्ट कोस्टारिकाची. टिमोथी राइट या संशोधकाने १९९६ मध्ये दाखवलं की तिथल्या पिवळ्या मानेच्या पोपटांच्या प्रदेशानुसार बोली आहेत, आणि दोन बोलींच्या सीमेवरचे काही पोपट दोन्ही बोली बोलतात. हे वाचताना मला आमचा बोळच दिसला.

मीही बोली बदलतो. पुण्यात नोकरीला लागल्यावर 'काय करलालास बे'चं 'काय करतोयस' कधी झालं ते कळलंही नाही. कुणी सक्ती केली नव्हती. ज्या थव्यात राहायचं त्याचा आवाज आपोआप गळ्यात उतरतो. पण हुतात्मा एक्स्प्रेसमधून सोलापूरला उतरलो की माझं 'बे' परत येतं. अक्कांच्या पोपटाला परत जायला थवाच नाही. त्याच्या जातीची हाक त्याने धड शिकण्याआधीच त्याला ढोलीतून काढलं. त्याचं 'रा' आणि 'ये' म्हणजे मिळेल त्या भाषेत थवा शोधणं आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. पण दार उघडून सोडून देणं हाही उपाय नाही. पिंजऱ्यात वाढलेल्याला अन्न शोधता येत नाही, शिकारी पक्षी ओळखता येत नाहीत. त्याला वनविभागाकडेच द्यावं लागतं.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "पोरं हैदराबादला आहेत. या घरात मला 'रा' म्हणणारं दुसरं कोण आहे, सांग."

काय बोलणार? अक्कांचा एकटेपणा खरा आहे. पण तो भरून काढायचं काम कुठल्यातरी जंगलातून उचललेल्या पिल्लावर का टाकायचं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. थव्याविना राहिलेले दोन जीव एकमेकांना हाका मारतायत आणि आपण कौतुकाने म्हणतो, बघा कसा बोलतो.

टोपलीत पिल्लं घेऊन कुणी बसलेला दिसला, तर दया येऊनही विकत घेऊ नका. एक विकलं की ढोलीत पुन्हा हात जातो. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

अक्कांनी अजून काही ठरवलेलं नाही. मी त्यांच्या धाकट्याला मेसेज टाकलाय, रोज एक फोन करत जा बे.