थॅनॉसचा हिशेब आणि आठ पोळ्या



ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाचं मूल आहे, त्यांना ॲव्हेंजर्स कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्व्हल या अमेरिकन कंपनीच्या कॉमिक्समधली ही वीरांची टोळी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली ती कागदावर आणली आणि २०१२ मध्ये ती पडद्यावर एकत्र आली. आयर्न मॅन, थॉर, हल्क, कॅप्टन अमेरिका, ब्लॅक विडो आणि हॉकआय असे तेव्हा सहा जण होते, मग वाढत वाढत अख्खी वरात झाली. २०१८ चा 'इन्फिनिटी वॉर' आणि २०१९ चा 'एंडगेम' मिळून एकच मोठी गोष्ट होते. मारामारी भरपूर आहे, त्यात वाद नाही. मुलांना पाहू द्यावं की नाही, या चर्चेत मी पडत नाही, कारण मुलं पाहतातच. आपण शेजारी बसतो की नाही एवढंच आपल्या हातात आहे.

मी बसले. आणि दोन्ही सिनेमे बघून झाल्यावर आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी शांतपणे सांगितलं, "मम्मी, खरं सांगू? थॅनॉसचं बरोबर होतं."

थॅनॉस म्हणजे यातला खलनायक. जांभळा, डोंगराएवढा, पण बोलणं अगदी समजूतदार. त्याचं म्हणणं असं की विश्वात अन्न-पाणी मर्यादित आहे आणि जीव वाढतच चाललेत, तेव्हा निम्मे जीव नाहीसे केले तर उरलेले सुखात राहतील. सहा रत्नं जमवून तो चुटकी वाजवतो आणि निम्मे जीव राखेसारखे उडून जातात. गंमत म्हणजे १९९१ च्या मूळ कॉमिकमध्ये, जिम स्टारलिनच्या 'इन्फिनिटी गॉंटलेट'मध्ये, हा थॅनॉस मृत्यूदेवीच्या प्रेमात आहे आणि तिला खूश करायला निम्मे जीव मारतो. ते वाचून कोणतंच मूल 'बरोबर होतं' म्हणणार नाही. सिनेमावाल्यांनी प्रेम काढून तिथे टंचाई घातली आणि मुलं विचारात पडली.

आमच्या मुलाने टंचाई पुस्तकात वाचलेली नाही. वाशीम जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात वाढलेलं पोर आहे ते. मे महिन्यात टाक्यात किती पाणी उरलं हे काठी घालून बघायचं काम त्याचंच असतं. त्यामुळे "माणसं कमी झाली तर पाणी पुरेल" हे त्याला पटलं, यात नवल नाही. पण 'निम्म्यांना मारलं तरी चालेल' हे इतक्या सहज आपल्या घरातल्या मुलाच्या तोंडून आलं, याने माझी झोप उडाली. ज्या घरात गाळलेल्या पाण्याची जिवाणी परत विहिरीत जाते, त्या घरातलं हे मूल.

रागावून उपयोग नव्हता. वाद हिशेबाचा होता, तर उत्तरही हिशेबानेच द्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी त्याला विचारलं, चार माणसं आणि आठ पोळ्या, वाट्याला किती? दोन. आता थॅनॉसने चुटकी वाजवली. माणसं उरली दोन. पोळ्या किती?

"आठच," तो म्हणाला. "चार-चार मिळतील."

पण थॅनॉस तर सगळ्या जीवांतले निम्मे म्हणतो. मग गहू जीव नाही का? एकेंद्रिय जीव कोण, हे पाठशाळेत तूच घडाघडा म्हणून दाखवतोस ना! पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती. आपल्या व्याख्येने मोजलं तर निम्मी गव्हाची रोपं गेली, निम्म्या मधमाश्या गेल्या, निम्म्या गाई गेल्या, अन् निम्मं पाणीसुद्धा गेलं. म्हणजे पोळ्या उरल्या चार आणि माणसं दोन. वाट्याला पुन्हा दोनच! एवढं विश्व उजाड केलं आणि ताटात फरक शून्य.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, बरं, फक्त माणसं कमी केली असं धर.

या प्रश्नाचं उत्तर माझ्या सासूबाईंनी दिलं. त्या सोप्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सिनेमातलं त्यांना ओ की ठो माहीत नाही. मी तोवर मोबाइलवर बघितलं होतं की २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती, त्याच्या निम्मी म्हणजे ३८० कोटी. जगात एवढी माणसं होती १९७१-७२ च्या सुमारास. मी मोठ्याने म्हटलं, "म्हणजे थॅनॉसने आपल्याला बहात्तर सालात नेऊन सोडलं असतं."

बहात्तर हा आकडा ऐकून सासूबाईंनी मान वर केली. त्यांचं माहेर हिंगोलीकडचं. "लेकरा, बहात्तरला माणसं कमीच होती की," त्या म्हणाल्या. "पण पाणी कुठं होतं?" आणि मग त्या सांगत सुटल्या. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी धड थापली जायची नाही. चांगली शेती असलेली माणसं खडी फोडायला जायची, रोजगार हमीची कामं त्याच दुष्काळात सुरू झाली. माणसं निम्मी होती, तरी पुरलं नव्हतं. "अन् ज्याच्या कणगीत होतं, त्याच्या कणगीत तेव्हाबी होतं," हे त्यांचं शेवटचं वाक्य. थॅनॉसच्या हिशेबात कणगीचा रकानाच नाही.

आपल्याकडे तो रकाना आहे. परिग्रह परिमाण आपण श्रावकाच्या व्रतांत मोजतो, पण रोजच्या घरात त्याचा अर्थ फार साधा असतो. टंचाई आहे हे थॅनॉसचं निदान आपल्यालाही मान्य आहे. तो म्हणतो खाणारे कमी करा, आपले आचार्य म्हणतात हाव कमी करा. सासूबाई रोज सकाळी नियम घेतात, आज इतकेच पदार्थ, इतकीच वस्त्रं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते जुन्या बायकांचं काहीतरी वाटायचं. मागच्या मे महिन्यात नणंद तिच्या तीन मुलांसह आठ दिवस आली, तेव्हा घरात नऊ माणसं आणि टाक्यात हातभर पाणी. पाहुणे कमी करा असं कुणी म्हटलं नाही. प्रत्येकाला आंघोळीला एक गुंड पाणी ठरलं, भांडी आधी राखेने घासून मग धुतली, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला गेलं. आठ दिवस निघाले. मुलाला हे सगळं आठवत होतं, कारण काठी त्याच्याच हातात होती.

इथवर ठीक होतं. पण मला स्वतःला यातली दुसरीच गोष्ट जास्त लागून राहिली आहे. 'एंडगेम' सुरू झाल्यावर थोड्याच वेळात थॉर थॅनॉसचं डोकं उडवतो. आपल्याला वाटतं, संपलं. पण काहीच परत येत नाही. रत्नं थॅनॉसने आधीच नष्ट केलेली असतात. पाच वर्षांनी थॉर दिसतो तो पोट सुटलेला, दारूत बुडालेला, डोळ्याला डोळा न देणारा. मारामारीच्या सिनेमात मारणाऱ्याची अशी दशा मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्यांदा म्हणजे पडद्यावर. पुराणात तर आपण ती लहानपणापासून ऐकतो. आपल्या ६३ शलाकापुरुषांत २४ तीर्थंकर आणि १२ चक्रवर्ती सोडले तर उरतात नऊ बलभद्र, नऊ नारायण आणि नऊ प्रतिनारायण. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात राम बलभद्र आहे, लक्ष्मण नारायण आणि रावण प्रतिनारायण. रावणाला दहा तोंडं नव्हती, गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशानन. वानर हे माकडं नव्हते, विद्याधर होते, त्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह होतं. (हे सांगितल्यावर चिरंजीव एकदम सरसावून बसले. "म्हणजे लोगो!") शेवटच्या युद्धात रावण आपलं चक्र लक्ष्मणावर फेकतो. ते चक्र लक्ष्मणाला प्रदक्षिणा घालून त्याच्याच हाती येतं आणि रावण आपल्याच चक्राने मरतो. सिनेमात आयर्न मॅन थॅनॉसच्या हातातली रत्नं आपल्या हातावर ओढून घेतो आणि चुटकी वाजवतो, तेव्हा मी सोफ्यावरून जवळजवळ उठलेच.

फरक पुढे आहे. आयर्न मॅन मरतो, त्याला फुलं वाहतात, सगळे रडतात. मीही रडले, लपवत नाही. पण चुटकी तीच ना? एका क्षणात अख्खं सैन्य राख. सिनेमा तो प्रश्न विचारत नाही. आपलं पुराण विचारतं, आणि उत्तर द्यायला कचरत नाही. रावण नरकात गेला आणि त्याला मारणारा लक्ष्मणही नरकात गेला. कारण कितीही योग्य असलं, तरी हिंसेचं कर्म ज्याचं त्याला बांधलं जातं. राम सहा महिने लक्ष्मणाचं शव खांद्यावर घेऊन फिरतो, मग दीक्षा घेतो आणि मोक्षाला जातो, आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीवरून. आपल्यापैकी कितीतरी जणी तिथल्या पायऱ्या चढून आल्या असतील.

मुलाला हे अजिबात आवडलं नाही. "लक्ष्मण तर आपल्या बाजूचा होता, त्याला कशाला नरक?" तो खरंच चिडला होता. मला बरं वाटलं, कारण आदल्या दिवशी निम्मं विश्व मारायला निघालेला मुलगा आता एका माणसासाठी भांडत होता.

मग मी त्याला सीतेचं सांगितलं. सीता तप करून सोळाव्या स्वर्गात प्रतींद्र होते. तिला तिथे काही कमी नाही. तरी ती नरकात उतरते, लक्ष्मणाला भेटायला आणि रावणालाही. ज्याने तिला पळवलं, त्यालाही ती समजावते, वैर सोड म्हणते. पुढे कितीतरी जन्मांनी रावणाचा जीव तीर्थंकर होणार आहे, असं आपण मानतो.

तो बराच वेळ छताकडे बघत पडला होता. मग विचारलं, "मग थॅनॉसला भेटायला कोण गेलं?"

सिनेमात कुणी नाही, मी म्हटलं. त्याला पटलं नाही. सध्या रात्री स्वाध्यायाच्या वेळी तो माझ्याशेजारी येऊन बसतो, पद्मपुराणाची पानं उलटतो आणि युद्धाची वर्णनं आधी वाचतो. मी काही म्हणत नाही. सीतेचा भाग अगदी शेवटी आहे, तिथवर पोचायला चातुर्मास लागेल.

आणि हो, कुणी मुलांबरोबर 'एंडगेम' बघायला बसणार असेल तर लक्षात ठेवा, तो तीन तासांचा आहे. दुपारी दोनला लावा, म्हणजे सूर्यास्ताआधीचं जेवण चुकत नाही.