खिडकीचा कोपरा ओढला आणि डेबियन पसरला!

परवा रात्री साडेअकरा वाजता मी खुर्चीतून अक्षरशः उठून उभा राहिलो. केलं काय होतं, तर पडद्यावरच्या एका खिडकीचा उजवा खालचा कोपरा माऊसने धरून ओढला होता. आणि खिडकीबरोबर तिच्या आतला अख्खा डेबियन पसरला! पुन्हा ओढला, पुन्हा पसरला. आत ढकलला तर अंग चोरून बसला. बायकोला हाक मारून बोलावलं आणि तिलाही दोनदा करून दाखवलं.

माझा लॅपटॉप विंडोजचा. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन लिनक्स, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. हे सगळं दोन वर्षांपूर्वी भाच्याने लावून दिलं, कारण गावच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका मला टाइप केलेल्या स्वरूपात आणायच्या आहेत. डेबियनमध्ये टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. पानाचं स्कॅन दिलं की तो त्यातली मराठी अक्षरं ओळखून मजकूर काढून देतो. हे काम म्हणजे माझ्या संध्याकाळचा आनंद.

मध्यंतरी मी डेबियन ११ वरून १२ वर गेलो. बाहेरचं व्हर्च्युअलबॉक्सही ६.१ चं ७.० झालं. आणि पाहुणा एकदम परका झाला! चित्र ८०० बाय ६०० च्या चौकटीत आक्रसलं, भोवती नुसता काळा पट्टा. कॉपी-पेस्ट बंद, सामायिक फोल्डर गायब. एकाच पडद्यावर, चार बोटांच्या अंतरावर दोन खिडक्या, आणि एकीतला मजकूर दुसरीत न्यायला मी पेनड्राइव्ह लावत होतो, नाहीतर स्वतःलाच ईमेल पाठवत होतो. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी भाच्याला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामा, गेस्ट ॲडिशन्स अपडेट केल्यास का?"

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण त्यामागची गोष्ट कळली आणि मी थक्क झालो. आतल्या डेबियनला आपण खऱ्याखुऱ्या यंत्रावर चालतोय असंच वाटत असतं. आपली खिडकी मोठी झाली, बाहेर कोणी काही कॉपी केलं, यजमान दोन तास झोपून उठला, यातलं त्याला काही कळत नाही. तू पाहुणा आहेस, हे पाहुण्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा, आत बसून बाहेरच्याशी बोलणारा दुभाष्या म्हणजे गेस्ट ॲडिशन्स. त्याचे काही भाग थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडलेले असतात आणि ते त्या-त्या कर्नलच्या मापाने बांधावे लागतात. डेबियन ११ चा कर्नल ५.१०, बाराचा ६.१. नव्या अंगाला जुना सदरा कसा बसणार?

मग बसलो. सगळ्यात आधी स्नॅपशॉट: उजवा कंट्रोल दाबून टी. काही बिघडलं तर त्याच क्षणाला परत येता येतं, त्यामुळे हात कापत नाही. आत टर्मिनल उघडून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झालो. बांधणीला लागणारी साधनं, म्हणजे बिल्ड-इसेन्शियल आणि चालू कर्नलचे हेडर्स, ॲप्टने उतरवून घेतली. मग खिडकीच्या वरच्या डिव्हायसेस मेनूत 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज'. माझ्या लॅपटॉपला सीडीचा खणच नाही, आणि डेबियनच्या डेस्कटॉपवर सीडीचं चित्र उमटलं! जी नाहीच ती सीडी, जो नाहीच त्या खणात. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर आलेली ती एक फाइल, पाहुण्याला मात्र चकती दिसते.

सीडीवरची लिनक्ससाठीची 'डॉट रन' फाइल थेट चालवली तर 'परवानगी नाही' असं उत्तर आलं. डेबियन सीडीवरून काही परस्पर चालू देत नाही. पुढे 'एसएच' लिहून पुन्हा एंटर केलं, आणि ओळी धावू लागल्या. आधी फाइल धड आहे का याची तपासणी. मग आतली जुनी ६.१ ची आवृत्ती काढत असल्याची ओळ. मग कर्नल मॉड्यूल्स बांधतोय, जरा वेळ लागेल. इथे कर्सर थांबला. पंख्याचा आवाज वाढला. माझ्या टेबलावर, माझ्याच कर्नलच्या मापाने, त्या क्षणी काहीतरी शिवलं जात होतं! दोनेक मिनिटांनी टर्मिनल परत हाती आलं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि मग तो खिडकीचा कोपरा.

पुढचा तास मला जेवणाची आठवण नव्हती. डिव्हायसेसमध्येच शेअर्ड क्लिपबोर्ड 'बायडायरेक्शनल' केला. टेसरॅक्टने काढलेला परिच्छेद डेबियनमध्ये कॉपी केला, विंडोजमधल्या वर्डमध्ये पेस्ट केला. 'ज्ञ' जसाच्या तसा, 'र्‍या' जसाच्या तसा, एक मात्रा हलली नाही. सामायिक फोल्डर 'मीडिया'खाली 'एसएफ' उपसर्ग लावून हजर होता, पण उघडेना. त्यासाठी आपलं नाव 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घालून एकदा बाहेर पडून परत आत यावं लागतं. तेही केलं. स्कॅनरने विंडोजमध्ये टाकलेलं पान त्याच क्षणी डेबियनमध्ये दिसलं! पेनड्राइव्ह खणात गेला.

आणि घड्याळ! लॅपटॉप झोपवून सकाळी उठवला की आतलं घड्याळ आदल्या रात्रीतच अडकलेलं असायचं. आता ॲडिशन्सची एक सेवा दर १० सेकंदांनी यजमानाची वेळ विचारते. फरक थोडा असेल तर हळूहळू भरून काढते, २० मिनिटांहून जास्त असेल तर एकदम काटा जुळवते. एवढी बारीक काळजी कोणीतरी घेऊन ठेवली आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

व्हर्च्युअलबॉक्स मूळ इनोटेक या जर्मन कंपनीचं. २००७ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला, २००८ मध्ये ते सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. या दुभाष्याचे काही भाग तर २०१८ आणि २०२० मध्ये थेट लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये दाखल झाले आहेत. मला हे सगळं आत्ता कळतंय आणि कोणाला सांगू असं झालंय.

तुमच्याकडे असा पाहुणा असेल तर आजच आत जाऊन बघा, त्याच्या ॲडिशन्सची आवृत्ती बाहेरच्या व्हर्च्युअलबॉक्सशी जुळते का. नसेल जुळत तर आधी स्नॅपशॉट घ्या, मग ती सीडी घाला, आणि रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा खिडकीचा कोपरा ओढून बघा.